चौथं नाव

तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये एक दाणा होता. फोटो काडेपेटीएवढा, तरी दाणा दिसत होता. पिवळट, टोकाशी बारीक काळा ठिपका... ज्वारीचाच. डोक्यावर रुंद टोपी, हनुवटीखाली बांधलेला रुमाल, डोळे अर्धे मिटलेले, आणि चेहऱ्यावर ते — गिरिजाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला — ते कान देऊन ऐकल्यासारखं. दाणा दाताखाली फुटताना माणूस कसं ऐकतं, हे ज्याने केलंय त्यालाच ओळखू येतं. ही बया फोटोसाठी नाटक करत नव्हती. तेच तर खुपलं.

पुस्तक जपानहून आलेलं. तिकडच्या समुद्रकाठच्या एका आडगावच्या विद्यापीठाचं, तिथल्या लोकांनी वर्षभरात काय काय शोधून काढलं त्याची यादी. साडेतीनशे पानं! गावात दुसरं काही करायला नसावं. शीलाने सकाळी कोट काढता काढताच ते आईच्या हातात ठेवलं होतं, पिवळी चिठ्ठी लावलेल्या पानावर उघडून. इंग्लंडातच वाढलेली धम्मशीला इथे नॉटिंगहॅमच्याच विद्यापीठात बियाण्यांचं काहीतरी करायची, आणि मधली दोन वर्षं तिकडच्या वाळूतल्या शेतांत काढून आली होती. पानावर एका ओळीत पाच नावं. गिरिजाचं इंग्रजी मोज्यांच्या फॅक्टरीतलं, खोक्यांवरचं. सव्वीस वर्षं एकेक अक्षर टिपून वाचलेलं. तिसरं नाव गजभिये. पोरीचं. छाती भरून यायला हवी होती — आली, नाही असं नाही, पण तेवढ्यात नजर पुढच्या नावावर गेली.

"ही ओकादा फुमिए कोण? प्रोफेसर?"

"नाही गं आई, फोटोतली! फुमिए-सान. फार्मवर काम करते, फॉर्टी इयर्स. शाळा पण जास्त नाही झाला तिचा." शीला खुर्चीवर मांडी घालून बसली, चाळीशी उलटली तरी. "ती दाणा चावते आणि सांगते, थर्टीन पर्सेंट पाणी. मग आम्ही मशीनमध्ये टाकतो — थर्टीन! एव्हरी टाइम. सेन्सेई, आमचे प्रोफेसर, म्हणाले, तिच्याशिवाय हा पेपरच नाही, तिचं नाव ऑथरमध्ये पाहिजे."

"दात तिचे आणि पेपर तुमचा. मग पहिलंच लिहायचं होतं की."

"आई, तू पण ना!"

शीला हसली. रेडिएटरजवळ बसलेल्या भगवानरावांनी मात्र वर पाहिलं, बायकोकडे, आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. सगळं माहीत असलेला या घरातला तो एकच माणूस.

गिरिजा परातीकडे वळली. पीठ मळताना हात आपले आपण चालतात, हेच वाईट — डोकं मोकळं राहतं... खळ्यावर ज्वारीची रास, कडेला मालक खाटेवर, आणि माझी आई भागाबाई वाकून मुठीत दाणे घेते, त्यातला एक दाताखाली धरते, मान जराशी कलती करते. कट्ट. "अजून दोन उन्हं पायजेत, मालक." दोन म्हणजे दोनच. तिने हो म्हटल्याशिवाय कणगीत दाणा पडायचा नाही. पंचक्रोशीत मालकाचं बियाणं चांगलं म्हणून नाव, मालकाचं. तिला तहान लागली की वरून ओंजळीत पाणी. दाणा तिच्या तोंडाचा चालायचा, तांब्याला मात्र तिचा हात चालायचा नाही. तिसरीतून नाव काढून मलाही तिने निंदायला नेलं, तेव्हा तिनेच शिकवलं: आधी डाव्या बाजूला चाव, मग उजव्या, आणि बोलायची घाई करू नको.

पाच नावांत चौथं! आणि माझ्या आईचं नाव मालकाला तरी धड ठाऊक होतं का — "ए भागे" यापलीकडे?

"आजारी होते ना मी तिकडे, तेव्हा फुमिए-सान रोज सूप घेऊन यायची," शीला सांगत होती. "शी वॉज लाइक माय आई देअर."

भाकरी तव्यावर जरा जोरात पडली.

"आई एकच असते," गिरिजा म्हणाली. "सूप देणाऱ्या पुष्कळ मिळतात."

"जेलस!"

"मी? कुणावर, त्या टोपीवालीवर?"

भगवानराव खोकले. त्यांना खोकला नव्हता.

"आणि ऐक ना, न्यूज आहे. मेमध्ये ती येते इकडे. सेन्सेई कॉन्फरन्सला येतात, तिला पण आणतात. हॉटेलमध्ये नको म्हटलं मी, आईकडे राहू दे, मागच्या बेडरूममध्ये. तिला तुला भेटायचं आहे. मी तिला सांगितलं, माझी आजी टीचर होता. तिने असा वाकून नमस्कार केला! मग विचारलं, आईला दाण्याचं काही कळतं का. मी म्हटलं, नो नो, आमचे लोक टीचर्स."

आमचे लोक टीचर्स.

शीला नऊ वर्षांची. शाळेतून कागद आलेला, माय ग्रॅनी, चार ओळी आणि चित्र. त्याच रविवारी विहारात कुणीतरी गोड आवाजात विचारलं होतं, ताई, तुमचं शिक्षण? आणि सगळ्या जणी, कुणी नर्स, कुणी बँकेत, उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे. बाबासाहेबांनी शिका म्हटलं आणि आपण तिसरीत... मी म्हटलं, लग्न लवकर झालं. आणि घरी येऊन पोरीला म्हटलं, लिही, आजी शिक्षिका होती. पोरीने फळा काढला, हातात खडू दिला, कागदावर सोनेरी तारा मिळवून आणला. एवढंसं खोटं, चार ओळींचं. ते मोठं झालं, कॉलेजात गेलं, विमानात बसून जपानला जाऊन आलं, आणि तिथे एका शेतमजूर बाईने त्याच्यापुढे मान वाकवली.

म्हणजे पोरीने आजीचं विचारलं होतं. दाण्याचं फुमिएला विचारायच्या तीस वर्षं आधी मला विचारलं होतं.

शीला बेसिनकडे हात धुवायला गेली, तसे भगवानराव हळूच म्हणाले, "सांगून टाक आता. तिचं काही बिघडत नाही."

"तुम्ही पेपर वाचा."

"वाचतोच आहे. सकाळपासून एकच पान."

जेवणं झाली. शीलाने दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी फॉइलमध्ये घेतली, आणि दाराशी बूट चढवता चढवता तिच्या आवाजात ती नेहमीची, पाठ थोपटल्यासारखी माया आली. "टेन्शन घेऊ नको. मी असेन इथेच. तुला तिला जे विचारायचं ते मला सांग, मी ट्रान्सलेट करीन."

मला विचारायचं! मी विचारायचं आणि तिने सांगायचं... थांब म्हणायच्या आत तोंडातून निघून गेलं —

"विचार तिला, घाईने उन्हात टाकलेला दाणा असतो, वरून खडखडीत, आत ओला. तो पण कट्टच वाजतो. मग ती फसते की नाही?"

शीलाचा एक बूट हातातच राहिला.

"आई... पेपरमधला तोच प्रॉब्लेम आहे. मशीन पण तिथे चुकतं. फुमिए-सान म्हणते, तिला पण कधी कधी..." ती थांबली. "तुला कसं माहीत?"

तिला पण कधी कधी! भागाबाई कधीच नाही; दाणा फुटल्यावर ती पीठ जिभेवर थांबू द्यायची, टाळूला चिकटलं की ओला. एवढं साधं. साडेतीनशे पानांत नसलेलं. गिरिजाला आतून जिंकल्यासारखं झालं, क्षणभर, हसूच फुटणार होतं. आणि मग दिसलं की जिंकायचं असेल तर हे कुणाचं म्हणून सांगावं लागेल. टीव्हीवर पाहिलं, असं म्हणता येईल. लगेच म्हणायला हवं. शिक्षिकेच्या मुलीला टीव्ही पुरतो.

बोलायची घाई करू नको.

बाहेर शेजाऱ्याची गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. सकाळपासून छातीत रुतलेली ती टोपीवाली गिरिजाने चाचपून पाहिली, तर ती तिथे नव्हती. तिथे जागा झाली होती, भागाबाईचं नाव मावेल एवढी मोठी, आणि वारा लागावा तशी भीती वाटत होती. शीला वाट बघत उभी होती; नऊ वर्षांची असताना बघायची अगदी तशी, आई सांगेल ते लिहून घ्यायला तयार.