दुसरी किल्ली

पांढऱ्या गाडीनं दोनदा डोळे मिचकावले आणि कौतिकच्या हातातला चहा बनियनवर सांडला.

दिवस नुकताच बुडाला होता. आवारात माणूस म्हणावा असा तो एकटाच. बाकी सगळ्या गाड्या. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या. ट्रॅक्टर, टेम्पो, पिवळ्या पाटीच्या मोटारी आणि कोपऱ्यात एकमेकींवर रेललेल्या मोटरसायकली. धुळ्याहून नरडाण्याकडे जाणाऱ्या हायवेला लागून तारेचं कुंपण, पत्र्याची चौकी आणि चौकीत राखण करणारा कौतिक.

कुक्-कुक्. गाडी पुन्हा बोलली. पिवळे दिवे लागले, विझले.

कौतिकनं चौकीच्या भिंतीकडे पाहिलं. त्या गाडीची किल्ली खिळ्याला जागच्या जागी लटकत होती. भुताखेतांना मानणारा तो नव्हता, पण त्यानं किल्ली हातानं चाचपून पाहिली. मग कुंपणाच्या पलीकडून हसण्याचा आवाज आला. म्हातारीचं हसणं.

"देख माय, बोलनी का नही?"

"बोलनी रे, बोलनी! वळखस माले ती."

रस्त्याच्या कडेला एक तिशीचा माणूस उभा होता. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. माणसाच्या मुठीत गाडीची किल्ली होती.

"ओ भाऊ!" म्हातारीनं हाक मारली. "आमनी गाडी कवय सुदरी?"

कौतिकनं माणसाकडे पाहिलं. त्या माणसानं म्हातारीच्या पाठीमागे हात जोडले.

"सामान येवानं बाकी शे, अक्का," कौतिक म्हणाला. "मुंबईथून येस ना, टाईम लागस."

"लागू दे. पन नीट करज्या बरं. मनी पोत मोडीसन लिधेल शे ती."

गळ्यातली सोन्याची पोत मोडून घेतलेली गाडी. पाठीमागच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत तिचं नाव होतं: यशोदामाय. ती यशोदाबाई, आणि किल्ली दाबणारा तिचा मुलगा हेमराज. आपली गाडी दुरुस्तीला टाकलीय, एवढंच तिला ठाऊक होतं.

प्रत्येक गाडीला दोन किल्ल्या असतात. गाडी ओढणारे येतात तेव्हा एक हिसकून नेतात. दुसरी घरात राहते, देव्हाऱ्याखाली, धान्याच्या कोठीत. फायनान्सवाले कागद पाठवून ती मागतात, आणून देत कुणी नाही. गाडी गेलेली असते, पण किल्ली दाबली की ती अजून आपल्याला ओ देते. एवढ्यासाठी माणूस काय काय जपतो.

डोळे दाखवायला मायलेक धुळ्याला आले की परतताना इथं उतरायचे. कुक्-कुक् ऐकायचं आणि पुढची एसटी धरायची. तिसऱ्या खेपेला आवाज बसका निघाला, दिवे अर्धेमुर्धे लागले. बॅटरी उतरत होती. दुसऱ्या दिवसापासून कौतिक ती पांढरी गाडी अधूनमधून सुरू करून ठेवायला लागला. साहेबानं बजावून ठेवलं होतं, कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही, डिझेल काय तुझ्या बापाचं? कौतिक तरीही लावायचा. का, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

*

"आबा, कंपनीनं हा म्हनी दिधं!"

कौतिकचा मुलगा ललित चपलांसकट घरात आला. नरडाण्याच्या कारखान्यातले अधिकारी धुळ्याच्या घरांतून उचलायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे. ठेकेदाराकडे आधीची एक गाडी बंद झाली होती, जागा रिकामी होती. एक तारखेला गाडी दारात उभी पाहिजे.

"हप्तावर काढसूत. ठेकेदार म्हने, बिलमाथीन हप्ता सुटी जाई."

"नही." कौतिकनं ताटातून मान वर केली नाही.

"मंग रोख दे."

रोख म्हणजे कौतिक पूर्वी कामाला होता त्या सूतगिरणीचा पैसा. गिरणी बुडाली, मालक मोठे झाले, आणि कामगारांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर जे हातावर टेकवलं ते पोस्टात होतं. नव्या गाडीला ते अर्धंही पुरलं नसतं. कौतिकच्या बायकोनं, झुंबरबाईनं आजवर त्याला हात लावू दिला नव्हता. लेकीचं बाळंतपण त्यातून झालं नाही, की छताचा पत्रा बदलला नाही.

"नव्या गाडीले पुरावत नही. जुनी देखसूत."

"जुना खटारा कंपनी घेस नही! चांगली पाहिजे, पांढरी पाहिजे." ललित वैतागला. "तुले बठ्ठं जग बुडेलच दिसस आबा. काबर तं, तू दिवसभर बुडेलसमाच बसस."

झुंबरबाईनं भाकरी उलटली. "ज्यासना पगार खातस, त्यासलेच भीतस," ती चुलीकडे बघत म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, पण नवऱ्याकडे न बघता.

कौतिक भ्यायचा, हे खरं होतं. गाडी ओढून आणली की आत अर्धं घर तसंच राहून जातं, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत? पोराची पाण्याची बाटली. लग्नाची पत्रिका. एका पायातला बूट. हळदीकुंकवाची पुडी. दारं उघडून तो हे बघायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. उन्हात गाड्यांचे पत्रे तापून कडकड वाजायचे, तेव्हा त्याला वाटायचं आत कुणीतरी बोटं मोडतंय. आणि शोरूमवाले दिवसातून तीनदा फोन करून ललितला गोड आवाजात विचारत होते, सर, कधी येताय? कर्ज देताना सगळे सर म्हणतात. ओढून नेताना एकेरीवर येतात.

*

फायनान्सचा साहेब आला तो महिन्याच्या हिशेबाला. गाड्यांमधून फिरला, टायरांवर लाथा घातल्या.

"कौतिक, पोराला गाडी हवीय म्हणे तुझ्या? लिलावाआधी एक काढून देतो तुला. निम्म्या भावात. रोख टाकायची आणि चाकं फिरवायची." तो पांढऱ्या गाडीपाशी थांबला. "ही घे. बॅटरी बघ, नव्यासारखी! इतके महिने उभी असून."

कौतिकची नजर मागच्या काचेवर गेली.

"काचेवरचं नाव तेवढं खरवडून टाक. ब्लेड घे. पाच मिनिटांचं काम."

ललित धावतपळत आला. सीटवर बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, आणि कौतिकला लहानपणी यात्रेत लाकडी घोड्यावर बसवलेला ललित आठवला.

"आबा, रोख! ना हप्ता, ना कटकट. तूच म्हनस ना जल्मभर?"

कौतिकच म्हणायचा. पैसे असले तर घ्यावं, नसले तर पायी चालावं. आता ते वाक्य त्याच्याच पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं आणि त्याला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ललितनं दाराच्या खणात हात घातला. मिसरीची पत्र्याची छोटी डबी निघाली. "हाई काय घान!" त्यानं खिडकीतून भिरकावली. कौतिकनं वाकून उचलली, धूळ पुसली आणि खिशात टाकली.

*

त्या आठवड्यात हेमराज एकटाच आला. आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब आणायला आला होता. कौतिकनं त्याला चौकीत बसवलं, चहा दिला.

"साहेब गाडी इकी ऱ्हायना, हेमराज."

हेमराजनं कप खाली ठेवला. "कोन लेस?"

कौतिकनं जोडे सरळ केले.

"कोनी बी लेवो, नाना. फक्त माले आगोदर सांगजा. मी मायले दुसऱ्या रस्तानी लई जासू."

"हप्ता थकना कसा तुना? चांगला कष्टाळू दिसस."

"बिल अडकाडं." हेमराज हसला, पण ते हसू कडू होतं. "नरडानानी कंपनी. साहेब लोकेसले आनाना-लई जावाना. सुरुवातले दोन महिना बिल बरोबर दिधं. मंग ठेकेदार म्हने, पुढला महिनाले. मी डिझेल उधारीवर भरं. हप्ता चुकना, गाडी ओढी लई गयात. ठेकेदारकडे गऊ, तं म्हने, तुनी गाडीच नही, तुले बिल कसानं?"

"आन् आते?"

"आते काय? तेनी दुसरा कोनी धरा व्हई."

कौतिकनं ठेकेदाराचं नाव विचारलं नाही. गरजच नव्हती.

घरी त्यानं ललितला सगळं सांगितलं. ललितनं ऐकून घेतलं. तो वाईट पोरगा नव्हता. पण तीन वर्षं बेकार बसलेल्या पोराला ठेकेदारापेक्षा रिकामे हात जास्त भेडसावतात.

"तेनं चुकनं. मी पक्का कागद करसू. पन आबा, गाडी स्वस्तामा मिळी ऱ्हायनी. घे ना!"

"ती गाडी माले घेवाव नही."

"कर्ज नको, रोख नको!" ललित ओरडला. शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. "मंग काय साहेब लोकेसले खांदावर बसाडीसन लई जाऊ? दुसऱ्यानी म्हातारी दिसस तुले, घरना पोऱ्या नही दिसस?"

कौतिकनं उंबऱ्याकडे पाहिलं. ती गाडी दारात उभी राहिली असती. ललित रोज तिच्यातून नरडाण्याला गेला असता, हेमराजच्याच रस्त्यानं, हेमराजच्याच साहेबांना घेऊन. आणि एखाद्या संध्याकाळी सिग्नलला म्हातारी शेजारी उभी असताना गाडीनं ओ दिली असती तर?

"कर्ज काढ," तो म्हणाला. "मी सही करस."

झुंबरबाईचा हात पिठातच थांबला. जन्मभर जो शब्द या घरात आला नव्हता तो आला, आणि कुणालाच आनंद झाला नाही.

*

पांढरी गाडी पिंपळनेरकडच्या एका कापडवाल्यानं घेतली. त्याचा माणूस ब्लेड घेऊन काचेला भिडला. उन्हानं अक्षरांचा कागद चिकटून बसला होता. त्याला घाई होती. 'यशोदा' निघालं. बाकीचं वाटेत काढू म्हणत त्यानं गाडी फाटकाबाहेर काढली. मागच्या काचेवर 'माय' घेऊन ती हायवेला लागली. कौतिकनं फाटक लावलं.

हेमराजला त्यानं फोन केला होता. तरीही मायलेक आले. म्हातारीनं हट्टच धरला म्हणे, रस्ता बदलला तर चष्मा फेकून देईन. हेमराजनं मान खाली घालून किल्ली दाबली. वाऱ्यानं एक प्लास्टिकची पिशवी तारेत अडकून फडफडत होती, तेवढाच आवाज.

"झोपी गयी व्हई," म्हातारी म्हणाली.

कौतिक कुंपणापाशी गेला. खिशातली डबी तारेतून पलीकडे दिली. "अक्का, ही गाडीमा ऱ्हाई गयथी."

म्हातारीनं डबी हातात फिरवली, झाकण उघडून वास घेतला, चेहरा उजळला. मग हळूहळू तो उजेड गेला. जी गाडी परत यायची आहे, तिच्यातलं सामान कुणी काढून देत नाही, हे समजायला डोळे लागत नाहीत. तिनं डबी कमरेला खोचली. गाडी कधी सुधरेल, हे तिनं विचारलं नाही.

"चाल रे हेमराज," ती म्हणाली. "येष्टी चुकी जाई."

*

शोरूममध्ये थंडगार हवा होती. सारिका मॅडमनं कागदांची थप्पी पुढं सरकवली. "काका, इथं सही. इथं. आणि इथं जामीनदार म्हणून." सूतगिरणीचा सगळा पैसा सुरुवातीच्या भरण्यात गेला होता, तरी थप्पी संपत नव्हती. वाचायला कुणी दिलं नाही. कौतिकनंही मागितलं नाही. शेवटच्या पानावर काय होतं, ते तो रोज उघड्या आवारात बघत होता.

मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू. पुठ्ठ्याची माणसाएवढी सोनेरी किल्ली आणून ललितच्या हातात दिली. "काका, तुम्ही या टोकाला धरा. हसा ना काका!" फोटो निघाला. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की नाही ते कळलं नाही.

"दुसरी किल्ली?" कौतिकनं विचारलं.

"ही घ्या. घरी जपून ठेवा हं. सहसा लागत नाही ती."

ललित आईला पुढच्या सीटवर बसवत होता. गाडीत बसायचं सोडून कौतिक रस्त्यापलीकडे गेला. ट्रक जाऊ दिले. किल्ली दाबली.

कुक्-कुक्. नव्या गाडीनं डोळे मिचकावले. ललितनं दचकून मागं पाहिलं.

कौतिक आणखी मागं सरकला, नाल्याच्या कडेपर्यंत, आणि पुन्हा दाबली. गाडीनं ओ दिली.

"आबा, काय करी ऱ्हायना? चाल ना!"

"आलोच," तो म्हणाला, आणि नाला ओलांडून पलीकडच्या तारेच्या कुंपणापर्यंत गेला. तिथं उभा राहून त्यानं हात लांब केला, आणि कुंपणापासून गाडीला ऐकू जातं का ते पाहिलं.