आखाजीचं खापर

मी खापर बोलतंय. लिंबायतीतल्या सुभद्राबाईंच्या गच्चीवर, कठड्याशी उताणं पडलेलं, मांडे भाजायचं मातीचं खापर. खापराने खरं तर उताणं पडायचं नसतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की मला चुलीवर पालथं घालत. खालून जाळ आणि पाठीवर पुरणाचा मांडा. सुभद्राबाई तो दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठा करत आणि अलगद माझ्यावर उतरवत. गल्लीतल्या बायका नुसतं बघायला येत. बाई भाव खात, आणि खोटं कशाला बोलू, मीही खात असे.

मग त्यांचा उजवा खांदा कुरकुरू लागला. वयाने सांधा झिजला होता. त्यांचा मुलगा गजेंद्र डॉक्टरांकडून आला आणि चुलीपाशीच आईला समजावत बसला. वाटीत लिंबू ठेवून म्हणाला, हा हाताच्या हाडाचा गोळा, ही खांद्याची वाटी. दोन्ही जागच्या जागी नवी बसवतात. पण हा सरळ सांधा खांद्याभोवतीचे स्नायू शाबूत आहेत तोवरच चालतो, त्यात हात बराचसा पूर्वीसारखा वळतो. स्नायू तुटला तर उलटा सांधा घालावा लागतो, गोळा खांद्याला आणि वाटी हाताला. दंडावरचा मोठा स्नायू मग हात उचलतो, दुखणं थांबतं, पण हात मोकळा वळेलच याचा भरवसा नाही. तुझे स्नायू झिजलेत पण अजून धरून आहेत, तेव्हा लगेच करून घेऊ, असं तो परोपरीने सांगत होता.

आखाजी तोंडावर होती. लेक गायत्री नंदुरबारहून माहेरी येणार होती.

"पोर वरीसमा एकदाव येस," बाई म्हणाल्या. "आखाजी व्हऊ दे, मंग दखसूत."

गायत्रीचाच मांडा झुलवताना त्यांचा हात एकाएकी गळला. स्नायू तुटला होता. अर्धा मांडा जाळात पडला, अर्धा माझ्या पाठीवर करपत राहिला, आणि मला तो झटकताही येईना.

उलटा सांधा बसला. डॉक्टरांच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. बाई आता स्वतःची वेणी घालतात, फळीवरचा डबा काढतात.

यंदा गायत्री शिकायचं ठरवूनच आली. जाळ केला, मला पालथं घातलं. बाईंनी दाखवायला हात पसरले. उजवा वर गेला, पण वळायच्या जागी अडकला. तोंडाने त्या किती सांगणार? गायत्रीचा मांडा फाटला. दुसराही फाटला.

"माय, मनाकरता थांबनी तू," ती रडत म्हणाली. आपल्यासाठीच आई थांबली, हे तिला खुपत होतं.

"फाटेल मांडा बी गोडच लागस," बाई म्हणाल्या. पण हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला इथे आणून ठेवलं. रोज माझ्यात पाणी ओततात, चिमण्या येतात. हात दुखत नाही, असं सगळ्यांना हसून सांगतात. तुमच्या घरी कुणी खांदा चोळत सण होऊ दे म्हणत असेल, तर बाबांनो, तिचं ऐकू नका.

कुणी नाही असं बघून बाई कधी कधी रिकामे हात हवेत झुलवू पाहतात. उजवा मध्येच थांबतो. माझी पाठ तेव्हा नुसती तळमळते, पण ती आता जमिनीला टेकलेली आहे.