मधला नकाशा

आमच्या कामाच्या खोलीत तीन नकाशे असतात. पहिल्यात एकेक झाड दिसतं, दुसऱ्यात गल्ल्या, कुंपणं आणि ओढे, तिसऱ्यात डोंगरांसकट सगळं खोरं. हे तिन्ही एकमेकांत बसवायचे आणि रानातलं उदमांजर कुठून कुठे जाईल ते संगणकाला विचारायचं, हे माझं काम. पहिला आणि तिसरा गुण्यागोविंदाने नांदतात. घोडं अडतं ते दुसऱ्यापाशी. आमचे साहेब त्याला मधलं भावंड म्हणतात. कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून कोणाच्या लक्षातच नाही.

साहेबांच्या या विनोदाला मी हसत नाही. घरात मी मधली आहे, आणि आई मला विसरली आहे.

थोरली आठवते, धाकटी आठवते. बशीचा उडालेला टवका आठवतो, माहेरच्या खिडकीतून दिसणारा डोंगर आठवतो. मधलंच सगळं पुसट झालंय: घर कुठलं, गल्ली कुठली, रोज सकाळी केस विंचरून देणारी ही बाई कोण. मला ती ‘अहो बाई’ म्हणते. वाईट वाटतं, रोज वाटतं.

त्या दुपारी घरी आले तर फाटक सताड उघडं. आईजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकूंचा डोळा लागलेला, आणि आईची खुर्ची रिकामी. मी गल्ल्या पालथ्या घातल्या. दवाखाना, दुकान, बसथांबा. कोणीच तिला पाहिलं नव्हतं.

परत फाटकाशी आले तेव्हा चूक कळली. मी तिला मधल्या नकाशात शोधत होते, आणि तो तर तिच्यापाशी उरलाच नव्हता. उदमांजराला तरी गल्ल्या कुठे ठाऊक असतात? ते पायापाशी सावली बघतं आणि लांबवर रान.

मग मीही तशीच निघाले. पायाखाली सावली, समोर डोंगर, बाकी काही बघायचं नाही. भिंतीची सावली संपली तिथे झाडाची सुरू झाली. ऊन इतकं संथ होतं की घरं आपोआप बाजूला सरल्यासारखी वाटली. कोणाच्या तरी परसातून, कुंपणाच्या फटीतून, मग ओढ्याकाठच्या झाडांखालून. भीती होतीच, पण पाय झोपेत असल्यासारखे चालत होते.

ओढ्याकाठी दगडावर आई बसली होती. चपला शेजारी नीट मांडलेल्या, पाय पाण्यात.

“या, बसा,” ती म्हणाली. “मी वाट बघतेय.”

“कोणाची?”

“माझ्या मुलीची.”

“थोरलीची?”

“छे! ती लांब असते.”

“मग धाकटीची?”

“तिला कुठली सवड! मधलीची. मी कुठेही असले तरी ती शोधत येते बघा. तुम्हाला भेटली तर सांगा, मी सावलीतच बसलेय. नाहीतर ओरडेल मला.”

“सांगते,” मी म्हणाले. चपला काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या, पाण्यात पाय सोडले, आणि आम्ही दोघी माझी वाट बघत बसलो.