सामनेवाला क्रमांक दोन

मटिल्डा बायने माझ्या ताटात मटणाची आणखी एक पळी वाढली आणि माझं डोकं फिरलं. भुईगावला तिच्या ओटीवर पंधरा-वीस माणसं जेवत होती. तिचा मुलगा केनी अपघातातून वाचला म्हणून सकाळी चर्चमध्ये उपकाराची मिस्सा झाली होती. केनी माझ्यासमोरच, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने कसाबसा जेवत होता. आणि ज्या गाडीने तो हात मोडला तिचे ब्रेक बसवणारा मी, बेसिल मेकॅनिक, मानाच्या पाहुण्यासारखा पहिल्या पंगतीला.

मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. सगळ्यांचं एकच, देवाने राखलं. देवाने राखलं हे मीही मानतो. पण ब्रेक काही देवाने नासवले नव्हते.

केनीची व्हॅन सत्तावीस वर्षांची. वाडीतला सोनचाफा आणि केळी घेऊन ती रोज वसईच्या बाजारात जायची. तिचे भाग बनवणं कंपनीने कधीच सोडलं. ब्रेक शूवर एक पट्टी असते, लायनर, तीच घासून गाडी थांबते. पूर्वी आम्ही ती रिव्हेट मारून पक्की बसवायचो. ते काम करणारे आता उरले नाहीत. तयार शू मिळतात, त्यांवर लायनर चिकटवलेला असतो. तसाच नवा जोड मी केनीच्या गाडीला घातला.

बाविसाव्या दिवशी पापडीच्या तळ्याजवळ शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. केनीने ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. त्याने गाडी सरळ कुंपणाच्या भिंतीवर घातली. पोरं वाचली, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. चाफ्याच्या झाडावर चढणारा हात तो, पूर्वीसारखा वळेल की नाही हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी चाक उघडलं तर वहीचं कव्हर सुटावं तसा लायनर सुटून आत पडला होता.

तो शू घेऊन मी जिथून जोड घेतला होता त्या दुकानात गेलो. दुकानाचा मालक चिराग, माझ्या निम्म्या वयाचा. त्याने शूला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "अंकल, एवढ्या जुन्या गाडीला असाच माल येतो. दुसरा जोड घेऊन जा, फ्रीमध्ये."

दुसरा डबा मी तिथेच काउंटरवर उघडला. वर छापील नाव, चमकणारा होलोग्राम, सगळं व्यवस्थित. लायनरच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला आणि पट्टी माझ्या हातात आली. चिराग शांतपणे म्हणाला की बसवताना माझ्याकडून ग्रीस लागलं असणार, बाकी कोणाची कंप्लेंट नाही. तो जोड तर डब्यातून आत्ता निघाला होता, त्याला कुठलं ग्रीस?

पण कोणाची तक्रार नाही हे मात्र खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. जुन्या गाड्या चालवतं कोण? फुलवाले, भाजीवाले, रिटायर झालेले मास्तर. ब्रेक लागला नाही की ही माणसं नशिबाला बोल लावतात, फार तर मेकॅनिकला. दुकानाची पायरी कोणी चढत नाही. चिरागचा सगळा धंदा या भल्या माणसांच्या भलेपणावर चालतो.

वसई कोर्टाजवळ हेमांगी वकीलबाई बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ग्राहक म्हणून तक्रार केनीला करावी लागेल; ज्याच्याविरुद्ध तक्रार तो सामनेवाला, म्हणजे दुकानदार सामनेवाला क्रमांक एक. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "तो सगळं तुमच्यावर ढकलणार. तुम्हालाही सामनेवाला करावं लागेल, क्रमांक दोन. गावात नाव खराब होईल. विचार करा."

पापडीतलं गॅरेज माझ्या वडिलांनी काढलं, पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे. आजूबाजूला चकचकीत सर्व्हिस सेंटर उभी राहिली, तरी माझ्याकडे माणसं येतात ती त्या नावावर. ते गेलं की शटर ओढायचं. दोन रात्री मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी या जेवणाला आलो.

म्हणून ताट बाजूला सारून मी केनीला सांगितलं की दुकानावर केस कर, आणि माझ्यावरही कर. 

"खुळा झालास काय रे?" मटिल्डा बाय म्हणाली. "तुझ्यावर केस? आम्ही तुला कधीच माफ केलंय."

हीच ती माफी. मला मिळाली आणि तिच्या आडोशाने चिरागही सुटला.

"बाय, तू मला माफ केलंस, तर तो माल उद्या दुसऱ्याच्या गाडीला लागेल," मी म्हणालो. "तिथे मध्ये भिंत नसली तर?"

 केनी डाव्या हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "कागद आणा, काका."

त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे लिहायचं माझ्याकडे आलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. सामनेवाला क्रमांक एकपर्यंत ठीक चाललं. दोनपाशी तो थांबला आणि जमिनीकडे बघत बसला. मी माझं नाव लिहिलं, मग वडिलांचं, मग गॅरेजचा पत्ता.

"लिहा, मेकॅनिकची काही चूक नाही," केनी म्हणाला.

ते मी लिहिलं नाही. कुठलाही नवा लायनर बसवण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने पिळून बघायची माझी सवय. वडिलांनी लावलेली. केनीच्या गाडीच्या वेळी मी डब्यावरचा होलोग्राम बघितला आणि जोड तसाच बसवला. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, वकीलबाईंनाही नाही. मी लिहिलं, 'सामनेवाला क्रमांक दोन याने माल न तपासता बसवला', आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

मटिल्डा बाय उठून आत गेली. केनीने पेन डाव्या हातात घेतलं. त्याला सही करायला खूप वेळ लागला, अक्षरं वेडीवाकडी येत होती. कागद सरकू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.