पुतळाच्या अंगावरचं जाळं

मी एक जुनं सुती जाळं आहे, मित्रांनो, पण मला अडगळ म्हणाल तर याद राखा! करावे गावच्या देवजीने मला स्वतःच्या हातांनी विणलं, माझ्या काठाला वजनं ओवली. खाडीत त्याने मला भिरकावलं की मी रिकामं कधी परत येत नसे. सारं गाव माझं कौतुक करायचं.

ऐंशी सालच्या सुमारास नायलॉनची जाळी आली आणि मला पडवीत टांगलं. कुणी ढुंकूनही पाहीना. फार जिव्हारी लागलं हो!

देवजीची धाकटी लेक पुतळा. तिला फ्रॉकची शिवण टोचायची, हलकी गोधडी अंगावर सोसायची नाही. जवळच नव्या इमारती उठत होत्या. तिथली ठोकाठोक ऐकली की ती कान दाबून रडायची. झोपेअभावी पोर पार सुकली. शेजारणींनी दृष्टसुद्धा काढली, उपयोग शून्य.

एका दुपारी तिने मला खाली ओढलं, गळ्यापर्यंत पांघरलं आणि काय सांगू, गाढ झोपली! तिची आई चांगुणाबाई दारातच थबकली.

"कुनी आवाज करू नका. पोरगी निजली हाय!"

तिने मला स्वच्छ धुऊन जुन्या लुगड्याच्या खोळीत शिवलं. पुतळा रोज माझ्याखाली झोपू लागली. माझी मान पुन्हा ताठ झाली.

मग देवजीच्या नव्या जाळ्याला वजनं कमी पडली. "जालं ऱ्हाऊ दे तिला, वजनं तेवढी घेतो," म्हणत त्याने माझी सगळी वजनं काढून नेली. झालं! पुतळाची झोप पुन्हा उडाली. ती मला लाथाडून रडायची आणि मी निव्वळ चिंधीसारखं पडून राहायचं.

शेवटी चांगुणाबाईने तिच्या पाठीवर दोन्ही हात घट्ट दाबून ठेवले. पोर शांत झाली.

"अवो, तिला जालं नको, त्याचा भार पायजे!"

देवजी नव्या जाळ्याची वजनं सोडवायला बसला. शेजारचा विलास हसला, "पोरीच्या झोपंपायी धंदा बुडवतोस?"

"धंदा उद्या करीन. आज तिला निजू दे."

वजनं परत माझ्या काठाला ओवली गेली. त्या दुपारी पुतळा झोपली ती दिवेलागणीलाच उठली, आणि उठल्याउठल्या तिने आपणहून जेवायला मागितलं. चांगुणाबाईच्या डोळ्यांना धार लागली. मित्रांनो, खाडीत मी पुष्कळ मिरवलं, पण एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

तुमच्या घरी एखादं लेकरू पांघरूण भिरकावून रडत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय सोसत नाही ते आधी समजून घ्या.