नंतर आठवण करा

चार वाजायला दहा मिनिटं होती आणि घड्याळकाकांनी अजून काहीच बिघडवलं नव्हतं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि माऊस पुस्तकाच्या सातव्या प्रकरणावर नेला. मागच्या रविवारी समास बिघडवून झाला होता. त्याच्या आधी पानांचे आकडे. तेच तेच करून कसं चालेल? पोरगी काही दूधखुळी नव्हती. शेवटी त्यांनी लंबकाचं चित्र धरलं आणि दिलं मजकुराच्या मधोमध ढकलून. ओळी वाट फुटेल तिकडे पळाल्या. एक परिच्छेद तर पार पुढच्या पानावर जाऊन पडला. काकांनी समाधानानं हात मागे घेतला. बेचाळीस वर्षं लोकांची बिघडलेली घड्याळं नीट केली, आणि म्हातारपणी ही उलटी विद्या कमावली!

बरोबर चारला फोन वाजला.

"बाबा, आज काय?"

"अगं, ते चित्र बघ ना. आपोआप हललं."

"आपोआप?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"बरं. येते."

येते म्हणजे काय, तर स्क्रीनवर एक चौकट उघडायची. काकांनी परवानगीचं बटण दाबलं आणि माऊसवरचा हात उचलला, की पांढरा बाण आपला आपण चालायला लागायचा. हजारो मैलांवरच्या एका शहरात, जिथं तेव्हा सकाळ असायची, चिमटी चहाचा कप बाजूला ठेवून तो बाण हलवत असायची. चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सात वर्षांची असताना ती दुकानात बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरून ठेवायची, श्वास रोखून. तेव्हापासूनचं ते नाव. आता ती पुलांचे आराखडे तपासणारी इंजिनियर होती, पण सवय तीच. आधी थांबायचं, मग नेमक्या जागी जायचं. बाणही तसाच चालायचा. काका त्याच्याकडे बघत बसायचे. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

"उंटावरून शेळ्या हाकतेय मी," ती म्हणाली. "आणि शेळ्याही अशा, की दर रविवारी सुटतात."

"यंत्र म्हटलं की व्हायचंच."

"हो. व्हायचंच."

खरं म्हणजे बापलेकींना बोलता येत नव्हतं. बोलायचं खातं आईकडे होतं. फोन आला की काका दोन शब्दांत तब्येत विचारायचे आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे व्हायचे. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे. ठेवतो." संपलं. त्या घरात विनाकारण फोन करायची पद्धतच नव्हती. मग काकांनी घड्याळदुरुस्तीचं पुस्तक लिहायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात एक तक्ता मोडला. तो मात्र खरोखर मोडला होता. चिमटीनं तासभर खपून नीट केला, आणि त्या तासाभरात तक्त्याच्या निमित्तानं इकडचं तिकडचं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ खुर्चीतच बसून होते. पुढच्या रविवारी काय मोडलं, ते सांगायला नकोच.

चित्र जागेवर गेलं. बाण थांबला.

"बाबा, एक सांगायचं होतं. हे लिहायचं सॉफ्टवेअर आता फार जुनं झालंय. पुढच्या महिन्यात बंदच पडणार, कंपनीनं कळवलंय. नवीन टाकावं लागेल."

"चाललंय की बरं हे."

"बरं कुठं चाललंय? दर रविवारी काहीतरी मोडतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"नव्यात असलं काही होत नाही," ती म्हणाली. "चित्र हलत नाही, पानं पळत नाहीत, सगळं आपोआप जपून ठेवतं. मग तुम्हाला माझी गरजच लागायची नाही." ती हसली, पण ते हसणं जरा लवकर संपलं.

पुढच्या रविवारी तिनं नवीन उतरवायला घेतलं. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी आली आणि मुंगीच्या पावलानं पुढे सरकायला लागली. ती भरेपर्यंत कुणालाच काही करायचं नव्हतं. बाण स्वस्थ होता. काका स्वस्थ होते. फोन ठेवावा, तर काम अर्धवट.

"आईचा निळा स्वेटर मी अजून घालते," चिमटी अचानक म्हणाली.

"त्याची बाही उसवली होती ना?"

"शिवली. जरा वाकडी शिवली गेली."

"तुझा हात तर सरळ होता."

"चिमट्याला होता. सुईला नाही."

काका हसले. मग त्यांनी विचारलं, तिच्या खिडकीतून काय दिसतं. एवढ्या वर्षांत हे त्यांनी विचारलंच नव्हतं. तिनं सांगितलं, समोर एक शाळा आहे, तिच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे आणि ते सहा मिनिटं मागे आहे. "रोज वाटतं, बाबा असते तर शिडी लावून वर चढले असते." काकांनी ते घड्याळ कसलं, काटे कसले, सगळं खोदून विचारलं. पट्टी बहात्तरवर आली. त्र्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की एखादं यंत्र अडकून पडावं. पण मेलं कसलं अडकतंय! तासाभरात शंभर झाले.

"झालं," चिमटी म्हणाली.

"झालं?"

"हो. आता काळजी नाही."

आणि खरोखरच काळजी उरली नाही. नवीन सॉफ्टवेअर म्हणजे अति शहाणं प्रकरण होतं. काकांनी चित्र ढकललं, तर ओळी सभ्य माणसांसारख्या बाजूला झाल्या आणि चित्राभोवती नीट उभ्या राहिल्या. समास वेडावाकडा केला, तर कोपऱ्यातून विचारणा झाली, 'पूर्ववत करायचं का?' रागाच्या भरात त्यांनी एक अख्खं पान पुसलं आणि यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केल्यावर ते पान जपून ठेवलेलं समोर हजर. काका हात टेकून बसले.

त्या रविवारी चारला निरोप आला, "सगळं ठीक ना?" काकांनी लिहिलं, "ठीक." लिहिलं आणि स्वतःवरच चिडले, कारण खोटं तर नव्हतं. त्यापुढच्या रविवारी फोन आला. बरी आहेस ना, बरा आहे, ठेवतो. दीड मिनिट. तिसऱ्या रविवारी त्यांनी चार ते पाच हा सगळा तास फोनकडे बघण्यात घालवला. पोरीची आठवण अशी आली, की छातीत दुखावं. पण फोन करून सांगणार काय? काही बिघडलेलंच नव्हतं.

वेळ जावा म्हणून त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं. 'ज्या घड्याळात दोष सापडत नाही' असं त्याचं नाव होतं. त्यात त्यांनी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गोष्ट लिहिली होती. बाई दर महिन्याला आपलं गजराचं घड्याळ घेऊन यायच्या. "पुन्हा बंद पडलं हो," म्हणायच्या. काका मागचं झाकण उघडायचे, तर दोन चाकांच्या मध्ये कागदाची एक बारीक घडी. छान, चौकोनी, नीट घातलेली. ती तिथं आपोआप पडणं शक्यच नव्हतं. काका ती चिमट्यानं काढायचे, गुपचूप खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "वेळ लागेल हो. बसा." बाई तासभर बसायच्या, शाळेच्या गोष्टी सांगायच्या, आणि चालू घड्याळ घेऊन समाधानानं घरी जायच्या. सहा वर्षं हे चाललं. मग एकदा त्या घड्याळ ठेवून गेल्या आणि ते न्यायला कधी आल्याच नाहीत. ते घड्याळ अजून काकांच्या कपाटावर होतं. प्रकरणाच्या शेवटी त्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'काही न बिघडवताही येत जा, एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं.'

हे वाचून काका उठले आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं होतं. बाई जाड भिंगाचा चष्मा लावायच्या आणि तोंडानं फटकळ होत्या.

"जुनं सॉफ्टवेअर परत टाकून द्या," काका म्हणाले.

"जुनं? लोक नवं मागायला येतात, काका."

"मला जुन्याची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरी आल्या, खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि कुठल्या कुठल्या चौकटी उघडत गेल्या. मग एकदम थांबल्या.

"अहो, तुम्हाला हे नवं टाका म्हणून तीन वर्षांपासून सूचना येत होती की. इतके दिवस झोपला होतात का?"

"मी नाही कधी वाचली. चौकट यायची आणि जायची."

"वाचणार कशी? दर वेळी कुणीतरी 'नंतर आठवण करा' दाबलंय. ही बघा नोंद."

काकांनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. एकाखाली एक तारखा होत्या. किती तरी. बाईंनी बोट खाली खाली नेलं.

"गंमत म्हणजे सगळे रविवार," त्या म्हणाल्या. "आणि वेळ बघा. चार वाजून पाच, चार वाजून सात. हे इथं बसून दाबलेलं नाही हं. बाहेरून जोडून घेतलंय कुणीतरी, आल्या आल्या पहिलं हे बटण दाबलंय, आणि मग बाकीचं काम. शेवटी कंपनीनं तंबी दिली, तेव्हा कुठं नवं घेतलं. घरचं कुणी आहे का?"

काका पहिल्या तारखेकडे बघत होते. पाचवं प्रकरण त्यांनी त्याच महिन्यात पुरं केलं होतं. त्यातल्या पानांचे आकडे चिमटीनंच लावून दिले होते, शेवटच्या ओळीपर्यंत खाली जात. बाबांची कागदाची घडी तिनं तेव्हाच ओळखली होती. ओळखली आणि काढून खिशात टाकली, दर रविवारी, तीन वर्षं. वर त्या बटणाची आपलीही एक घडी घालून ठेवली.

"मग काय, टाकू का जुनं?" बाईंनी विचारलं.

"नको," काका म्हणाले. "राहू द्या. चहा घेऊन जा."

पुढच्या रविवारी चार वाजायला दहा मिनिटं असताना घड्याळकाकांनी काही म्हणजे काही बिघडवलं नाही. त्यांनी कपाटावरचं गजराचं घड्याळ खाली घेतलं, पुसलं, चावी दिली आणि टेबलावर ठेवलं. ते टिकटिकत राहिलं. चारला त्यांनी स्वतःच फोन लावला. आजवर फोन नेहमी तिकडूनच यायचा.

"बाबा?" चिमटीनं पहिल्याच घंटेला उचलला. "काय झालं? काही बिघडलं का?"

तो आवाज काकांच्या ओळखीचा होता. 'पुन्हा बंद पडलं हो' म्हणताना शिक्षिकाबाईंचाही असाच व्हायचा.

"नाही गं. सगळं छान चाललंय."

"अच्छा. मग बरं आहे."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पुन्हा पहिल्या.

"चिमटे, काही बिघडलं नसलं ना, तरी येत जा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हे त्या बाईंना सांगायचं होतं तुम्ही," ती म्हणाली.

"हो. राहून गेलं."

"येऊ?"

"ये."

चौकट उघडली. काकांनी परवानगी दिली आणि माऊसवरचा हात उचलला. बाण आला आणि पानाच्या मधोमध उभा राहिला, कारण त्याला काही कामच नव्हतं. थोडा वेळ तो तसाच थांबला. मग कुठल्याशा कोपऱ्यात जाऊन त्यानं ओळी आपोआप नीट ठेवणारी खूण काढून टाकली, सावकाश लंबकाच्या चित्राकडे आला, ते धरलं आणि दिलं मजकुराच्या मधोमध ढकलून. ओळी पहिल्यासारख्या वाट फुटेल तिकडे पळाल्या.

"अगंबाई," चिमटी म्हणाली, "हे कसं हो झालं?"

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "बस."