रंगाखालची वायर

तनुजा वाळूजच्या कारखान्यात रंगकाम तपासते. तिने घरी बनवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार आरशासारखी चकाकत होती, पण ॲम्पला जोडली की घोंघावत होती. संध्याकाळी धाकटी बहीण मोनिका कॉलेजच्या कार्यक्रमात ती वाजवणार होती.

"ॲम्पच खराब असंल," मोनिका म्हणाली.

"ॲम्प मी दुरुस्त केलाय. त्याला नावं ठेवू नको."

"मग मी माझी जुनीच नेते. दिसायला भंगार आहे, पण गप तरी बसते."

तनुजाने तारांवर हात ठेवला. घोंघावणं जराही कमी झालं नाही, म्हणजे तारांना अर्थिंग मिळत नव्हतं. तिने तारा सैल केल्या आणि त्या अडकवायची धातूची पट्टी उचलली. खाली अर्थिंगच्या वायरचं उघडं टोक लाकडासोबत छान रंगवलेलं होतं, म्हणून ते पट्टीला नीट टेकतच नव्हतं. एकही जागा कोरी सोडायची नाही, ही कारखान्यातली सवय.

"इतका भारी रंग खरवडणार तू?"

"तेवढाच जास्तीचा आहे."

तिने ब्लेडने टोक स्वच्छ केलं, पट्टी बसवली, तारा सुरात लावल्या आणि ॲम्पचं बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. मोनिका वाकून ॲम्पचा दिवा बघू लागली.

"चालू आहे," तनुजा म्हणाली. "वाजव."